बुडबुडे वर येईपर्यंत

शांतवन शिरसाठ गेल्याचं मला दूधवाल्याकडून कळलं. तो भिंगारहून आमच्या सावेडीत दूध घालायला येतो. त्या सकाळी माप पातेल्यात ओतता ओतता सहज म्हणाला, "ते तबलेवाले बाबा गेले. परवा माती झाली." मी पातेलं आत आणलं, गॅसवर ठेवलं आणि दूध उतू जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो. सून धावत आली आणि तिने गॅस बंद केला. चाळीस वर्षांहून जास्त काळाचा स्नेह, आणि मूठभर माती द्यायलाही मी नव्हतो. माझी तब्येत नाजूक म्हणून त्यांच्या घरच्यांनी कळवलं नव्हतं म्हणे. राग आला. मग वाटलं, रागवायचा हक्क मला कुठून आला... आज सहा आठवडे झाले. लिहू की नको करत बसलो होतो, आता लिहितो.

आमची ओळख दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. नगरमधल्या एका खासगी वीज कंपनीत मी स्टोअरकीपर म्हणून लागलो, तोही हंगामी. खिळ्यापासून खांबापर्यंत सगळं माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात. वडील नुकतेच गेलेले, घरी आई आणि लग्नाची बहीण. माझ्या आधीच्या स्टोअरकीपरला तारेचं एक भेंडोळं गंजलं एवढ्यावरून घरी पाठवलं होतं, हे मला पहिल्याच दिवशी तिघांनी तीन वेळा सांगितलं. माझ्या गोदामाला लागून एक बुटकी खोली होती. तिच्यात पारनेरकडचा एक सावळा, किडकिडीत माणूस कपाटावर ठेवलेल्या जुन्या तबल्यावर एक बोट मारून कान लावून उभा होता. थोडं थांबून त्याने पुन्हा एक बोट मारलं आणि दाराकडे न बघताच म्हणाला, "आज न्हाई. उतरलाय." मला वाटलं, कंपनीने वेडा पाळलाय.

तो वेडा म्हणजे शिरसाठ. मिशनच्या शाळेत शिकलेले, रविवारी ख्रिस्ती देवळात भजनाला तबला वाजवणारे, आणि आठवड्याचे बाकीचे दिवस ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासणारे. वाचकांपैकी बहुतेकांनी चौकातला तो लोखंडी पेटारा फक्त बाहेरून पाहिला असेल. त्याच्या पोटात तेल भरलेलं असतं. ते ना दिव्याचं, ना फोडणीचं. विजेने एका तारेवरून दुसरीवर उडी मारू नये म्हणून तिला अडवून धरणं हे त्याचं काम. तेल कोरडं आणि निर्मळ असलं तर अडवतं. त्यात थेंबभर पाणी किंवा एखादं कुसळ गेलं की संपलं, वीज त्याच वाटेने उडी मारते आणि पेटारा जळतो. म्हणून नवं तेल आलं तरी शिरसाठांनी हो म्हटल्याशिवाय ते भरायचं नाही, असा नियम होता. आणि हवा दमट असली तर शिरसाठ पिंपाचं बूचसुद्धा उघडू देत नसत, कारण उघडं तेल हवेतली ओल पितं. हवेची ओल मोजायचं यंत्र कंपनीने त्यांना दिलं नव्हतं. तबल्याचं कातडं ओलीने सैल पडतं आणि आवाज उतरतो, एवढं त्यांना पुरत असे.

त्यांची तपासणी बघणं म्हणजे आमच्या घरची पूजा बघण्यासारखं होतं, फक्त मंत्र नाहीत. काचेचा एक जाड पेला, त्यात समोरासमोर दोन पितळी गोळ्या, मध्ये ज्वारीचा दाणा जेमतेम मावेल एवढी फट. पेला फडक्याने कधी पुसायचा नाही. ज्या तेलाची परीक्षा घ्यायची, त्याच तेलाने दोनदा विसळायचा आणि टीपकागदावर पालथा घालायचा. मग कडेकडेने, धार न मोडता तेल ओतायचं, आणि थांबायचं. ओतताना तेलात हवेचे बारीक बुडबुडे शिरतात, ते आपले आपण वर येऊन विरेपर्यंत दहा मिनिटं कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. मी पहिल्यांदा मध्येच काहीतरी विचारलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग चक्र हळूहळू फिरवत विजेचा दाब वाढवत न्यायचा. चाळीस हजार व्होल्टला तेलाने एक मिनिट तग धरला तर पास. नाहीतर मध्येच गोळ्यांच्या फटीत निळी ठिणगी उडते आणि टच्चकन आवाज येतो. मला वाटायचं, एवढ्याशा आवाजासाठी केवढं हे सोवळं. सोवळ्यात वाढलेल्या माणसाने असं म्हणावं, ही एक गंमतच.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी मिशनच्या बायकांच्या दवाखान्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला. नवा पेटारा कसाबसा मिळाला, पण तेल मिळेना. युद्धामुळे सगळ्याचाच दुष्काळ. तोवर तिथली ऑपरेशनं पेट्रोमॅक्सच्या बत्तीवर चालत, आणि ती बत्ती डॉक्टरीणबाईंच्या खांद्याजवळ धरून उभी राहणारी नर्स म्हणजे शिरसाठांची बायको, मार्थावहिनी. त्या रोज घरी जाताना आमच्या फाटकाशी थांबून नवऱ्याला एकच विचारत, तेल आलं का. श्रावणात एकदाची पाच पिंपं रेल्वेने आली, सोबत मुंबईच्या व्यापाऱ्याचा दाखला, तेल उत्तम असल्याचा. शिरसाठ तेव्हा बहिणीच्या लग्नासाठी गावी गेले होते. जाताना बजावून गेले होते की पिंपं आली तर उघडू नका, आडवी निजवून ठेवा.

मी ती उघडली. तेल पूर्ण आलंय का ते मोजून घेणं हे स्टोअरकीपरचं काम, आणि मी कामाला चोख होतो. मोजून झाल्यावर पाहतो तो बुचांचे वायसर फाटलेले. आडवी घातली तर तेल गळणार. म्हणून उभी केली. बुचं नीट बसेनात, आणि तोंडं तर उघडी टाकता येईनात. तेव्हा मला आमच्या घरची लोणच्याची बरणी आठवली. बरणीच्या तोंडावर स्वच्छ फडक्याचा दादरा बांधल्याशिवाय आईने ती कधी फळीवर ठेवली नाही, आणि तिचं लोणचं दोन दोन वर्षं टिकत असे. मी घरी जाऊन आईच्या जुन्या आलवणाचा धुतलेला तुकडा मागून आणला. विधवेचं ते तांबडं लुगडं, आमच्या घरात त्याहून शुद्ध कापड नव्हतं. त्याचे पाच दादरे केले आणि सुतळीने घट्ट बांधले. बाहेर तीन दिवस भुरभुर चालू होती, गोदामाचा पत्रा थेंब थेंब गळत होता, आणि मी माझ्या हुशारीवर खूश होतो. चौथ्या दिवशी नवे वायसर मिळाले. मी दादरे सोडले, बुचं घट्ट बसवली, पिंपं निजवली. शिरसाठ आले तेव्हा सगळं त्यांनी सांगितल्याबरहुकूम होतं.

तेल नापास झालं. चाळीस तर सोडाच, वीस हजारही गाठले नाहीत. त्यांनी पेला पुन्हा विसळला, पुन्हा भरला, पुन्हा ती दहा मिनिटं. पुन्हा टच्च. दुसऱ्या पिंपाचंही तेच, तिसऱ्याचंही. शेवटी लोखंडी सळई तापवून वाटीभर तेलात बुडवली, तर फोडणीत ओला हात झटकावा तसं ते तडतडलं. तेलात पाणी होतं. आमचे साहेब चिडले. मुंबईचा दाखला टेबलावर आपटून म्हणाले की नवंकोरं तेल वाईट कसं असेल, तुमचा पेलाच घाण असेल. शिरसाठांनी एवढंच सांगितलं की तेल भरलं तर दवाखान्याचा पेटारा पुन्हा जळेल. साहेब म्हणाले, भरा. शिरसाठ म्हणाले, मग दुसऱ्या कोणाकडून भरून घ्या. साहेबांना ती जोखीम नको होती. गावात मात्र बभ्रा झाला, तेल येऊन पडलंय आणि एका माणसाच्या हट्टापायी बाया बत्तीवर कापल्या जातायत. त्या संध्याकाळीही वहिनी फाटकाशी थांबल्या. त्यांना काय उत्तर मिळालं, ते मला गोदामाच्या खिडकीतून नुसतं मानेवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिरसाठ माझ्या घरी आले. पहिल्यांदाच. ओट्यावर बसले. आई कोनाड्यातल्या वेगळ्या कपात त्यांच्यासाठी चहा घेऊन बाहेर आली, आणि ते तिच्या पदराकडे बघतच राहिले. मग खिशातून कागदाची पुडी काढली. आत केसाएवढा तांबडा धागा होता. पिंपाच्या तळातलं तेल उजेडात धरल्यावर त्यांना तो सापडला होता. पिंपांना फडकं बांधलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी होय म्हणालो, आणि लाज वाटायची ती सोडून मोठ्या अभिमानाने म्हणालो. मला अजून काही उमगलंच नव्हतं. आईने तर पुरावा म्हणून आतून बरणीच आणली, उंबऱ्यावर ठेवली आणि शिवू नका असं बजावलं. शिरसाठ हात पाठीमागे बांधून वाकले आणि त्या दादऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"आई, लोनच्याला हे लई ब्येस हाय," ते म्हणाले. "तेलाला न्हाई. ह्ये कापड वरची ओल पितं आन खाली देतं. आन आपलं सूतबी सोडतं."

आई बरणी उचलून आत गेली. तेव्हा मला उमगलं. कोपऱ्यापर्यंत त्यांना सोडायला गेलो आणि रस्त्यात अक्षरशः हात जोडले. म्हणालो, नोकरी जाईल, तुम्हाला माझं घर दिसलंच आहे. ते सायकल धरून उभे होते.

"दत्तोपंत, मी लिवलंय तेवढंच, तेलात पानी आन सूत. कोनी घातलं त्याचा रकाना कागदात न्हाई. पर साहेबांनी इचारलं, तर मी सांगनार. खोटं मला जमनार न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "त्याच्या आधी तुमी सांगितलं, तर बरं हुईल."

मी सांगेन म्हणालो. उद्याच सांगतो म्हणालो.

उद्या तेल सुकवायची धांदल उडाली. ते करायचं म्हणजे टीपकागदांच्या थप्पीतून हातपंपाने दाबून पुन्हा पुन्हा गाळायचं, आणि कागद खडखडीत कोरडे हवेत. त्या पावसाळी हवेत ते सुकवायचे कुठे? शिरसाठांनी भिंगारच्या बाजारातल्या एका बेकरीवाल्या चाचांना गाठलं. पाव काढून झाल्यावर भट्टी कोमट असे, त्यात कागद पसरायचे, मग बिस्किटांच्या डब्यात बंद करून सायकलवर आणायचे. मी आणि ते, दोन सायकली, सहा डबे, रोज दोन खेपा. तेलाला नानखटाईचा वास येतोय, असं पंप मारणारे गडी म्हणायचे. त्या खेपांत मी त्यांच्या शेजारून सायकल हाकत होतो आणि रोज म्हणत होतो, उद्या. त्यांनी एकदाही विचारलं नाही. नऊ दिवस गेले. सातव्या दिवशी दवाखान्यात अडलेल्या बाईचं ऑपरेशन फार लांबलं, बत्ती फार तापली, आणि ती हलू द्यायची नाही म्हणून वहिनींनी तिचा गरम पत्रा तसाच मनगटाला टेकू दिला. बाई वाचली, मूल वाचलं. वहिनींच्या मनगटावर रुपयाएवढा डाग राहिला.

नवव्या दिवशी कोरडं ऊन पडलं. तबला टणटणीत बोलला. पेला भरला, दहा मिनिटं थांबलो, शिरसाठांनी चक्र फिरवलं. तीस, पस्तीस, चाळीस. तिथं पूर्ण एक मिनिट. ठिणगी नाही, आवाज नाही. मी आयुष्यात तेवढी शांतता पुन्हा ऐकली नाही. त्याच दिवशी तेल भरलं आणि दवाखान्यात दिवे लागले. मला रडू आलं, आनंदाने म्हणा की सुटल्याच्या भावनेने म्हणा.

पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, आणि ती माझी होती. साहेबांनी शिरसाठांना बोलावलं. मी एका सहीसाठी दारातच उभा होतो, हातात किल्ल्या. साहेब म्हणाले, आज पास झालं म्हणजे तेल मुळातच चांगलं होतं, मुंबईचा दाखला खरा होता. तुम्ही पहिल्यांदा घाणेरड्या पेल्यात तपासलंत आणि कंपनीची नऊ दिवस बेअब्रू केलीत. आणि समोरच त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात शेरा मारला, निष्काळजी. पेला फडक्याने न पुसणाऱ्या माणसाला! मी मूग गिळून उभा राहिलो. शिरसाठांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते न बघणं मला अजून बोचतं. बाहेर आल्यावर मी कसाबसा पुटपुटलो की तुम्ही तरी का नाही बोललात.

ते म्हणाले, "साहेबांनी इचारलं कुठं? त्यांनी ठरवलं."

त्या शेऱ्याने त्यांचं फोरमनपद गेलं. नंतर आलेला माणूस वर चढला. शिरसाठ त्याच बुटक्या खोलीत राहिले, कंपनी सरकारात जाईपर्यंत आणि नंतरही. मी मात्र कायम झालो, बढत्या घेतल्या, सावेडीत घर बांधलं. लोक म्हणायचे, कुलकर्णी कामाला चोख.

पुढच्या उन्हाळ्यात आईने आपणहून एक बरणी वेगळी काढली आणि म्हणाली, त्या शिरसाठांना देऊन ये. दादरा तिनेच बांधला. त्या वर्षी तिने तो वेगळा कप कोनाड्यातून काढूनही टाकला. आईमागे बायकोने आणि बायकोमागे सुनेने तो नेम चालवला. दर ज्येष्ठात मी बरणी घेऊन भिंगारला जायचो. शिरसाठ सुतळी सोडायचे, दादऱ्याची नीट घडी घालायचे आणि माझ्या हातात द्यायचे. "हे तुमचं." मी हसायचो. कितीदा तरी मी सुरुवात केली की शिरसाठ, ते तेलाचं... आणि ते लगेच गप्प व्हायचे, मांडीवर हात ठेवून स्थिर बसायचे. आणि मी विचारायचो, गुडघे कसे आहेत.

शेवटची भेट यंदाच्या ज्येष्ठातली. खूप वाळले होते. दादऱ्याची घडी दोनदा सुटली, पण ती घातलीच. मग त्यांनी मांडीवर हात ठेवले. वहिनी आतून डोकावून गेल्या. मी ओठ उघडले, आणि बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मी उठलो, दादरा तिथंच राहिला.

दूधवाल्याने सांगितलं त्याच दुपारी मी भिंगारला गेलो. वहिनी एकट्या बसल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं, आलवण, दादरे, साहेब, दारातल्या किल्ल्या, सगळं. त्यांच्या मनगटाकडे बघवत नव्हतं, म्हणून तबल्याकडे बघत बोललो. संपल्यावर म्हणाल्या, "मला ठाऊक हाय, भाऊजी. तुमच्या घरून आले, त्याच दिवशी त्यांनी सांगितलं हुतं."

म्हणजे बत्ती धरून उभ्या होत्या तेव्हाही ठाऊक होतं. एवढी वर्षं आमच्या घरचं लोणचं वाढलं तेव्हाही. मी विचारलं, मग कोणीच मला कसं बोललं नाही.

"मी म्हनायची, एकदा इचारा तर. तुमचंबी वझं उतरंल, त्यांचंबी. तर म्हनायचे, न्हाई. आपन हलवलं की परत बुडबुडे व्हत्यात. थांबू." त्यांनी पदराने डोळे पुसले. "लई थांबले, भाऊजी."

निघताना त्यांनी मला दोन वस्तू दिल्या. एक, यंदाच्या बरणीचा दादरा, शिरसाठांनी घातलेल्या घडीसकट. दुसरी, तो काचेचा पेला. नोकरीतून सुटताना त्यांनी तो मागून घेतला होता. आता तो माझ्या टेबलावर टीपकागदावर पालथा आहे. सुनेला सांगून ठेवलंय, त्याला फडकं लावायचं नाही. ते नोकरीचं पुस्तक कुठल्या दप्तरात कुजलं असेल कोण जाणे, त्यातला शेरा आता मला खोडता येत नाही. म्हणून इथं लिहितो. त्या दिवशी तेल ओलं होतं. पेला स्वच्छ होता. पिंपांवर फडकी मी बांधली होती.